पेटीवरचा नारळ

त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, आणि माझ्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरेसं होतं. नांदेडात देवळं, दर्गे आणि गुरुद्वारा सोडला तर चपला काढून शिरायची सरकारी जागा तेवढी एकच, आमचं संगणक केंद्र. खात्याचं नाव सांगत नाही. अजून पेन्शन त्यांचीच खाते. आत थंड हवेचं यंत्र घरघरत असायचं. माणसांसाठी नव्हे, संगणकासाठी. पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे काही ना काही निमित्त काढून आत यायचे आणि यंत्रासमोर उभं राहून बगला गार करून जायचे. मे महिन्यात सगळं गाव शिजून निघत असताना मी हातावर शाल टाकून कामाला जायची. ती शाल पिशवीत मावली असती. पण मग गल्लीतल्या बायकांनी विचारलं कसं असतं, "सुलू, उन्हाळ्याची शाल कशाला गं?" आणि मी थांबून, सुस्कारा सोडून सांगितलं कसं असतं, "काय करणार काकू, आमच्या यंत्राला उकाडा सोसत नाही." आई मात्र दारातूनच ओरडायची, "लोक घामोळ्यानं मरून राहिलेत आन् ही बघा, काश्मीरला निघाली!"

वडील तार ऑफिसात होते. सगळं आयुष्य कट्ट-कडकट्ट करण्यात गेलेलं, त्यामुळं बोटं घरीही गप्प बसत नसत. जेवताना ताटाच्या काठावर टिचक्या मारत. एक लांब टिचकी म्हणजे येसराची आमटी वाढ, दोन आखूड म्हणजे भाकरी, आणि सलग बारीक कडकड म्हणजे चटणीत मीठ कमी. ही भाषा त्यांनी आईला कधी शिकवली नव्हती, ती आपोआप शिकली. म्हणायची, "पंचवीस वर्षं झाली लग्नाला. तोंडानं मागितलेलं आठवत न्हाई मला. माझं स्वयंपाकघर न्हाई, तार ऑफिस हाय." मला संगणकाची नोकरी लागली तेव्हा वडिलांना झालेला आनंद माझ्याहून मोठा होता. त्यांच्या खात्याचे दिवस भरत आले होते हे त्यांना दिसत होतं; पण त्यांनी त्याचा असा हिशेब लावला होता, की यंत्र कुठलंही आलं तरी निरोप तारेवरूनच जाणार ना, मग ते आमचंच नातवंड. रोज संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की त्यांचा एकच प्रश्न, "लातूर लागलं का?"

लातूर लागणं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाही तर माझी नात मुक्ता वाचता वाचता मध्येच उठून जाईल. तिच्या घरात दोन मिनिटं इंटरनेट गेलं तर ती अशी फिरते जणू कुणी श्वासनळी दाबली. तेव्हा आमच्याकडं एक संगणक होता आणि लातूरला एक, आमच्यापेक्षा मोठा. आमच्याकडं तालुक्यातालुक्याचे पावसाचे, पेऱ्याचे आकडे जमायचे. हदगावला कापूस किती, कुठं सोयाबीन किती. ते एका फ्लॉपीवर भरायचे, फ्लॉपी शिपायाच्या डब्याच्या पिशवीत घालायची, आणि शिपाई एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूर गाठायचा. एकदा फ्लॉपीला लोणच्याचं तेल लागलं आणि अख्ख्या जिल्ह्याचा पाऊस वाया गेला. म्हणून वरून हुकूम आला, की नांदेड आणि लातूर ही दोन यंत्रं टेलिफोनच्या तारेनं जोडा, आकडे तारेवरून पाठवा. त्यासाठी एक जड लोखंडी पेटी आली, मोडेम नावाची. डब्याएवढी, वर हवेसाठी जाळीसारख्या फटी. संगणकाची भाषा ती शिट्टीत बदलायची, आणि पलीकडची पेटी शिट्टीची पुन्हा भाषा करायची. कागदावर सोपं होतं. तारेवर चार महिने नुसता खरखराट चालला होता.

त्या खरखराटासाठी खाजाभाईंना आणलं. इतवाऱ्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, बापापासून चालत आलेलं. पण टीव्ही आला तसं रेडिओ घेऊन येणारे कमी झाले. साहेबांच्या घरचा रेडिओ त्यांनीच दुरुस्त केलेला, त्या ओळखीवर त्यांना केंद्रात रोजंदारीवर घेतलं. पस्तीस-छत्तिशीचा माणूस, तीन मुली, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला नेहमी एक स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं तसा. कागदावर मी ऑपरेटर आणि ते मदतनीस. मी पुण्याला तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आले होते आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं एवढ्या आवाजात बोलायची. खाजाभाई इंग्रजी पुस्तिका अक्षर जुळवत वाचायचे. मी त्यांना हसायची. त्यांच्या तोंडावर नाही हसले, एवढंच पुण्य.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका जुन्या रेडिओचा स्पीकर आणून पेटीच्या तारेला जोडला. मी म्हटलं, "खाजाभाई, गाणी ऐकायची का सरकारी खर्चानं?" ते म्हणाले, "ताई, डॉक्टर छातीला नळी लावतो का न्हाई? लाइन बोलून राहिली. ऐका तर." मला नुसता खरखराट ऐकू आला. ते डोळे मिटून मान तिरकी करून बसले आणि म्हणाले, "अहमदपूर." काय अहमदपूर? "अहमदपूरला जोड ओला हाय. कोरड्या जोडाची खरखर येगळी असती, ओल्याची येगळी. भजे तळल्यावाणी." आणि खरंच एसटीनं अहमदपूरला गेले, तिथल्या लाइनमनला चहा पाजून खांबावर चढवलं, आणि जोड ओला निघाला. असे ते पंधरा-वीस दिवस त्या रस्त्यानं वर-खाली करत राहिले. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, दसऱ्यानंतर मुंबईचे मोठे साहेब पाहणीला येणार आहेत, त्यांच्यासमोर लातूर लागलं की तुम्हाला कायम करण्याची शिफारस त्याच दिवशी जाईल. खाजाभाईंनी त्याच आशेवर दुकानाची जागा सोडून दिली. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं.

खंडेनवमीच्या तीन दिवस आधी दुपारी त्यांनी पेटी उघडून आतल्या एका टाक्याला पुन्हा डाग दिला, पेटी मिटवली आणि म्हणाले, "बघा ताई, आता." स्पीकरमधून आधी एक लांब शिट्टी आली, मग दुसरी तिच्या अंगावर धावून गेल्यासारखी, मग दोघींचं भांडण, आणि मग शांतता. पडद्यावर एक एक अक्षर उमटायला लागलं, बाळानं पाऊल टाकावं तसं. इंग्रजी लिपी, पण मराठी. लातूरच्या ऑपरेटरनं विचारलं होतं, जेवलात का. समोर खाजाभाईंचा डबा उघडा होता, खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा, आणि माझ्या हातात त्यातलाच घास होता, म्हणून मी टाइप केलं, हो, खिचडी-खट्टा. पलीकडून आलं, नशीबवान आहात. खाजाभाई इतके मोठ्यानं हसले की शिपाई धावत आला. मुक्ता मला सांगते, की अमेरिकेत पहिल्यांदा दोन दूरची यंत्रं अशी जोडली तेव्हा अख्खा शब्द पोचायच्या आधीच पलीकडचं यंत्र कोलमडलं, दोनच अक्षरं गेली, आणि त्या माणसांवर पुस्तकं निघाली. आमचा तर अख्खा खट्टा पोचला होता. पण ती वेळ कुठं नोंदवली नाही. पाहणीच्या दिवशी धरू, असं ठरलं.

आता खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी लोहार ऐरण पुजतो, शिंपी मशीन पुजतो, वडील तार पाठवायची पितळी खटकी पुजायचे आणि आई उखळ. हत्यारांची पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्यांना काम लावायचं नाही. मग आमचं यंत्र उपाशी कसं राहील? मी साहेबांकडं गेले. ते म्हणाले, करा, फोटोग्राफरला बोलावतो, पण जपून. मग मला असा काही हुरूप आला! काठाची साडी, नथ, चांदीचं तबक. पूजा संगणकाची, पण दिसायला हवी होती मी. खाजाभाईंनी आदल्या दिवशी पेटी मऊ फडक्यानं पुसून लख्ख केली होती, झेंडूही त्यांनीच बाजारातून आणून ठेवला होता. आणि ते एवढंच म्हणाले, "ताई, फूल बाजूला ठेवा, कुंकू टेबलाला लावा. पेटीवर काही ठेवू नका. तिला वरून नाक हाय."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "खाजाभाई, पूजा कशी करायची ते आता तुम्ही सांगणार का?"

लोक हसले. तेही हसल्यासारखं करून मागं सरकले.

टेबलावर समई, तबक, पेढ्यांचा पुडा. जागा उरली नव्हती. फोटोग्राफर म्हणाला, नारळ दिसत नाही, जरा वर घ्या. मी फोडलेल्या नारळाची पाण्यानं भरलेली कवड वाटीत ठेवून पेटीच्या डोक्यावर मांडली. फोटो फार छान आला. अजून आहे माझ्याकडं, मी त्यात देवीसारखी दिसते. आरतीच्या गर्दीत कुणाचा तरी कोपर टेबलाला लागला. माणसं प्रसाद घेऊन पांगल्यावर मी वाटी उचलायला गेले, तर कवड कलंडली होती, तिच्यात पाणी तळाला उरलं होतं आणि पेटीची जाळी ओली होती. मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. पदरानं जाळी पुसली, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि स्वतःला म्हटलं, थोडंसंच असेल, दोन दिवसांत वाळेल. मग खोलीला कुलूप लावून घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली. दोन खाल्ल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईचे साहेब आले. मोजे घातलेल्या पायांच्या खोलीत दहा-अकरा जोड्या झाल्या असतील. खाजाभाई नवा शर्ट घालून आले होते. कॉलरच्या आत टाचणी तशीच राहिली होती, मी काढून दिली. ते हळूच म्हणाले, "घरी सगळ्यांनी दुवा मागितली, ताई." त्यांनी कळ दाबली. शिट्टी आली, अर्धी. मग पेटीतून एक बारीक चर्र आवाज, आणि पाठोपाठ वास. बाकीच्यांना तो जळक्या तारेचा वाटला असेल. पण ज्या घरात दर महिन्याला येसराच्या मसाल्यासाठी खोबरं भाजतात, त्या घरच्या मुलीला तो वास सांगावा लागत नाही. तव्यावर खोबरं करपलं होतं. मी खाजाभाईंकडं पाहिलं. त्यांचं नाक किंचित फुललं, त्यांनी जाळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एवढ्या वेळात मी बोलू शकले असते. अख्खं वाक्य बोलून वर पाणी पिऊन झालं असतं, एवढा वेळ होता.

मुंबईच्या साहेबांनी विचारलं, "ऑपरेटर कोण? तुम्ही? हे यंत्र शेवटचं कुणी हाताळलं?"

मी म्हटलं, "उघडलं शेवटचं खाजाभाईंनी होतं, सर. टाका मारायला."

वाक्य खरं होतं. एकही अक्षर खोटं नाही. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, नवऱ्याशी, सासूशी, डॉक्टरांशी तर रोज. त्यातलं एकही आठवून माझी झोप गेली नाही. हे खरं वाक्य मात्र अजून रात्री उठवतं.

आमच्या साहेबांनी घाईनं मान डोलावली, कारण पूजेच्या फोटोत तेही होते. मुंबईचे साहेब म्हणाले, "म्हणजे रेडिओवाल्याच्या हाती दिलं होतं तर." खाजाभाई म्हणाले, "जी." बस. तेवढंच.

घरी आले तर वडील ओट्यावर उभेच. "लातूर लागलं का?" मी म्हटलं, लागलं. त्यांनी भर रस्त्यावर टाळ्या वाजवल्या, आईला साखर आणायला पाठवलं, शेजारच्या चार घरी स्वतः जाऊन सांगून आले, आमच्या सुलूनं नांदेडहून लातूरला तोंडी बोलल्यासारखं पत्र पाठवलं. त्या रात्री जेवताना ताटावर त्यांनी काय कडकडाट लावला होता! आई म्हणाली, "आज काय मागून राहिले ते मलाच कळंना."

तीन दिवसांनी खाजाभाई आपली हत्यारं न्यायला आले. मी एकटीच होते. मी म्हटलं, आणि हे विचारायची हिंमत मला झाली हेच मुळात किती निलाजरं, की "खाजाभाई, तुम्ही का बोलला नाहीत? तुम्हाला वास आला होता."

ते स्पीकरची तार सोडवत होते. हात थांबवला नाही. "काय बोलायचं होतं, ताई?"

"की... पाणी सांडलं म्हणून."

"कशाचं पाणी? पूजेचं. कोण बोललं? खाजा. आता तुम्हीच सांगा, कचेरीत काय झालं असतं. म्हणले असते, मशीन बिघडवली ह्यानं आन् नाव घेऊन राहिला देवाचं. नोकरी तर गेलीच असती, वरून मोहल्ल्यात चार लोक इचारायला आले असते." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं नका म्हणू. तुम्ही हुशार हाय. तुम्हाला माहीत होतं, मी बोलू शकत न्हाई. म्हणून तर तुम्ही बोललात."

मी रडायला लागले. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या ताई. ते म्हणाले, "स्पीकर माझा हाय, नेतो," आणि चपला घालून गेले.

त्यानंतर मी साहेबांच्या दारापर्यंत गेले होते, हे नमूद करते. स्वतःच्या बाजूनं लिहिण्यासारखं तेवढंच आहे. आत साहेब फोनवर होते. मी पाच मिनिटं थांबले आणि परत फिरले. पुढं नवी पेटी आली, तिच्यासोबत मुंबईहून टाय घातलेला माणूस आला, तार आधीच दुरुस्त असल्यानं त्याला अर्धा तासही लागला नाही. वर्तमानपत्रात फोटो आला त्यात टाय होता आणि मी होते. खाजाभाई बरीच वर्षं निझामाबादला मेव्हण्याच्या दुकानात राबले. मुली इकडं, ते तिकडं.

गेल्या वर्षी ते पुन्हा इतवाऱ्यात राहतात असं कळलं, म्हणून मुक्ताला घेऊन गेले. थोरली मुलगी शाळेत शिकवते, तिच्याकडं असतात. ऐंशीकडं झुकलेत, मान अजून तशीच तिरकी करून ऐकतात. मुक्ता बाहेर तिच्याशी बोलत बसली. मी म्हटलं, "खाजाभाई, माफी मागायला आले."

"कशाची?"

"त्या नारळाची."

ते जरा हसले. "बरं झालं नारळ म्हणालात. मला वाटलं, झालं-गेलं म्हणून गोल बोलताल." चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली. "पर इथं कोण हाय, ताई? तुम्ही, मी आन् ही मांजर. त्या दिवशी खोलीत किती लोक होते?"

"दहा-अकरा."

"मग?"

एवढंच. मी काही तरी बोलत राहिले, वय, भीती, वडील, नोकरी. ते ऐकत होते, मध्येच एकदा पुन्हा म्हणाले, "हौ. मग?" चहावर साय धरली.

मग काय? महिन्याभरातच लातूरच्या एका कॉलेजानं माझा सत्कार केला. नांदेड-लातूर जोडणारी पहिली बाई, असा फलक. मी मनाशी पक्कं ठरवून गेले होते. शाल पांघरली गेली, माइक हातात आला, समोर तीनेकशे मुलं-मुली. मी त्यांना लोणच्याच्या फ्लॉपीची गोष्ट सांगितली. फार हसली. त्या हसण्यात मी वाहून गेले आणि शाल घेऊन घरी आले. साठी ओलांडली तरी बाई तीच, उन्हाळ्यात शाल मिरवणारी.

म्हणून हे लिहायला घेतलं. कागदावर सांगणं सोपं, हेही मला कळतं, कागद समोरून "मग?" म्हणत नाही. तरी जे कुणी वाचतील ते दहा-अकराहून जास्त असतील, एवढ्या भरवशावर लिहिते. नांदेडहून लातूरला पहिली अक्षरं गेली ती खंडेनवमीच्या तीन दिवस आधी, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आणि ती खाजाभाईंनी पोचवली. टायवाल्यानं नाही. मी फक्त टाइप केलं. पेटी त्यांनी नीट मिटवली होती. तिच्यावर नारळ मी ठेवला. त्यांनी नको सांगितलं होतं, तरी ठेवला. पाणी आत गेलेलं मी पाहिलं, पदरानं पुसलं, आणि विचारलं तेव्हा त्यांचं नाव सांगितलं.